नी नसलेला पीस

मागच्या डिसेंबरात आमच्या बॅचचं रियुनियन झालं. सांगलीबाहेर एका मंगल कार्यालयाचं लॉन घेतलेलं, पंचवीस वर्षांनी भेटत होतो त्यामुळे पहिला तासभर नुसतं 'अरे तू!' आणि 'केस कुठे गेले रे तुझे' एवढंच चाललं. जेवणं आटोपल्यावर कुणीतरी ओरडलं, ते गॅदरिंगचं गाणं होऊन जाऊदे. ते गाणं म्हणजे ९७च्या गॅदरिंगला आम्ही बसवलेलं, शब्द एका वर्गमैत्रिणीचे आणि चाल माझी. मी उगाच नको नको करत खुर्चीतून उठलो, म्हणजे उठायचंच होतं मला, आणि गळा साफ करेपर्यंत साठ जणांनी सुरुवात केलीसुद्धा. पण गाण्याला नाही. गाण्याच्या आधी कॅसिओवर जो पीस वाजायचा ना, त्याला. टँऽ टँडँ टँऽऽ, टँऽ टँडँ टँऽऽ, टाळ्यांसकट, ज्यांना आयुष्यात सूर लागला नाही तेसुद्धा. मग मुखडा आला, पहिली ओळ सगळ्यांनी दणक्यात म्हटली, दुसरी अर्ध्यांनी, अंतरा लागला तेव्हा मी एकटाच गात होतो आणि चार ओळींनी मलाही आठवेना. परत पीस. परत दणक्यात. असं तीनदा झालं.

तो पीस ज्याने बनवला तो आला नव्हता. विट्याला त्याचं शेतीपंपांचं दुकान आहे, दुकान टाकून यायला जमलं नाही म्हणाला.

रात्री घरी येऊन मी यूट्यूब उघडलं. २०११ मध्ये मी ती जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन गाणं अपलोड केलेलं, चारशे आणि काही व्ह्यूज आहेत, त्यातले निम्मे माझे असतील. खाली मीच लिहिलंय: शब्द अमुक, संगीत आणि गायन मी, साथसंगत मित्रमंडळी.

मित्रमंडळी. तो त्या मित्रमंडळीत आहे.

मला झोप आली नाही. आणि झोप न येणारा माणूस जे करतो तेच मी केलं, मोबाईलवर भलतंच काहीतरी वाचत बसलो, आणि भलतं म्हणजे एका इंग्रजी गाण्याची कोर्टकेस. गाणं मला कॉलेजपासून माहीत होतं, केस माहीत नव्हती. प्रोकॉल हॅरम नावाच्या बँडचं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'. १९६७च्या मे महिन्यात आलं, इंग्लंडमध्ये सलग सहा आठवडे एक नंबरवर होतं. ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा काय आठवतं, शब्द कुणालाही सांगता येणार नाहीत, आणि आठवले तरी त्यांचा अर्थ लागत नाही. आठवतो तो सुरुवातीचा ऑर्गन. हॅमंड ऑर्गन, आठ बारचा पीस, जुन्या जर्मन संगीतकार बाखची सावली असलेला, चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं आणि त्याच वेळी कुणीतरी सोडून गेल्यासारखंही वाटतं.

तो ऑर्गन वाजवला मॅथ्यू फिशरने. आणि रेकॉर्डवर नावं काय, तर शब्द कीथ रीड, संगीत गॅरी ब्रूकर. झालं. फिशर म्हणजे साथसंगत.

यात ब्रूकर चोर होता असं नाही हं. मार्च १९६७ च्या सुरुवातीला गाणं पब्लिशरकडे दोघांच्या नावाने गेलेलं, तेव्हा फिशर बँडमध्ये आलाही नव्हता. ब्रूकरने पियानोवर चाल बांधलेली, खालचे बेसचे सूर एकेक पायरी उतरत जातात ती आयडियाही त्याचीच आणि तीही बाखकडूनच आलेली. फिशर नंतर आला, रिहर्सल झाल्या, त्याने त्या उतरत्या पायऱ्यांवर स्वतःची एक सुरावट चढवली, ती रेकॉर्डिंगला वाजवली, गाणं जगभर गेलं. त्या काळात त्याने विषय काढूनही बघितला, ब्रूकर आणि रीडने उडवून लावला, आणि जास्त ताणलं तर बँडमधून बाहेर जायची पाळी येईल या भीतीने तो गप्प बसला. एकवीस वर्षांचं पोरगं आणि बँड एक नंबरवर, कोण भांडेल?

१९६९ ला त्याने बँड सोडला. पुढे कॉम्प्युटर प्रोग्रॅमर झाला. गंमत म्हणजे नव्वदच्या दशकात बँड परत जमला तेव्हा हाही परत गेला, त्याच ब्रूकरशेजारी बसून तोच पीस कितीतरी वर्षं वाजवला. आणि मग २००५ मध्ये, अडतीस वर्षांनी, केस टाकली.

हे अडतीस वर्षं मला फार लागलं. आपल्याकडे लोक लगेच म्हणतील की एवढे दिवस काय झोपला होता का. तिकडेही तेच म्हणाले. हायकोर्टात जज्ज ब्लॅकबर्न यांनी डिसेंबर २००६ मध्ये निकाल दिला की ऑर्गनची सुरावट हा गाण्याच्या संगीताचा भाग आहे, फिशर सहसंगीतकार आहे, आणि संगीताच्या हक्कात त्याचा ४० टक्के वाटा. मागितले होते ५०. शब्दांचा वाटा वेगळा, त्याला हात लावला नाही. ब्रूकर अपिलात गेला. एप्रिल २००८ मध्ये वरच्या कोर्टाने काय करावं, तर म्हणाले हो, तू सहसंगीतकार आहेस, ते खरं, पण इतका उशीर केलास की पैसे काही मिळणार नाहीत. म्हणजे मानपत्र घे आणि घरी जा. मराठी माणसाला ही पद्धत नवीन नाही, शाल श्रीफळ आणि रिक्षाभाडं स्वतःचं.

मग फिशर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टात. ३० जुलै २००९, पाचही लॉर्ड्सनी एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यांचं म्हणणं मला इतकं साधं आणि इतकं नेमकं वाटलं की मी ते दोनदा वाचलं. इंग्लंडच्या कायद्यात कॉपीराइटची मालकी सांगायला काही मुदत नाही हे एक. आणि दुसरं म्हणजे उशिरामुळे नुकसान कुणाचं झालं? अडतीस वर्षं सगळे पैसे ब्रूकरच्या बाजूलाच गेले की. तो गप्प बसला म्हणून तुमचं बिघडलं काय, उलट भलंच झालं! मात्र मागचे पैसे फिशरला मिळाले नाहीत, वाटा सुरू झाला तो २००५ पासून. पाचांमधल्या लेडी हेल यांनी निकालात लिहिलंय की साठचं दशक आठवणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि तो लक्षात राहणारा ऑर्गन ज्याने रचला त्याला अखेर मान मिळाला याचा आनंद आहे. निकालपत्रात असं वाक्य कुणी लिहितं का हो?

हायकोर्टात जिंकल्यावर फिशर म्हणालेला की आता गॅरी आणि कीथच्या ख्रिसमस कार्डांच्या यादीत माझं नाव नसणार, पण चालेल. ब्रूकर २०२२ मध्ये गेला, रीड २०२३ मध्ये.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर क्रेडिटसाठी लोक एवढे का भांडतात ते कळत नाही. रेकॉर्डिंगचे पैसे वेगळे आणि गाण्याचे वेगळे. वाजवणाऱ्याला मिळतात ते त्या रेकॉर्डिंगचे, बऱ्याचदा त्या दिवसाची बिदागी, घ्या आणि निघा. पण गाणं 'लिहिणारा' म्हणून नाव लागलं की ते गाणं जगात कुणीही कुठेही गायलं, लग्नात वाजलं, जाहिरातीत वाजलं, तर त्यातला घास तुमच्या पानात पडतो, आणि तुम्ही गेल्यावर तिकडे ७० वर्षं, आपल्याकडे ६० वर्षं पोराबाळांच्या पानात. क्वीन या बँडचंच बघा, १९७५ ला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या रेकॉर्डची मागची बाजू होती ड्रमर रॉजर टेलरचं एक गाणं, गाडीवरच्या प्रेमाचं. रेकॉर्ड विकली गेली पुढच्या बाजूमुळे, पण मागच्या बाजूच्या लेखकालाही पुढच्याइतकेच पैसे. यावरून त्यांच्यात इतकी कटकट झाली की १९८९ पासून त्यांनी सगळी गाणी सगळ्यांच्या नावावर टाकायला सुरुवात केली.

म्हणजे नाव ही नुसती हौस नाही, सातबाराचा उतारा आहे तो. आणि सातबाऱ्यावर कुळाचं नाव लागायला काय काय करावं लागतं ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

मग प्रश्न असा की गाणं म्हणजे नक्की काय? कायद्याच्या डोक्यात अजूनही गाणं म्हणजे शब्द आणि चाल, खाली कॉर्ड्स, बाकी सगळं नटवणं. पण कान तसं ऐकत नाही ना. कानाला आधी ऑर्गन ऐकू येतो.

क्लेअर टॉरीची गोष्ट तर मला याहून जवळची वाटते. १९७३ चा जानेवारी, रविवार, लंडनचा अॅबी रोड स्टुडिओ. पिंक फ्लॉइड या बँडचा एक तुकडा तयार होता, कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटने रचलेला, वर काय घालायचं ते सुचत नव्हतं. हिला बोलावलं. शब्द नाहीत, चाल नाही, फक्त गा. तिने सुरुवातीला इंग्रजी गाण्यात असतं तसं बेबी बेबी करून बघितलं, ते म्हणाले शब्द नकोत. मग तिने ठरवलं की आपण गायिका नाहीच, आपण एक वाद्य आहोत. आणि जे काही सुटली आहे ना ती! किंचाळणं, कण्हणं, मध्येच एकदम मऊ होणं. बाहेर आली तेव्हा तिला वाटलं फारच ओशाळवाणं झालं, हे काही वापरणार नाहीत. रविवारचा दर धरून ३० पाउंड मिळाले, गेली घरी. गाणं वापरलंय हे तिला कळलं दुकानात रेकॉर्डच्या कव्हरवर स्वतःचं नाव दिसल्यावर. नाव होतं, गायिका म्हणून. संगीत राइट.

'द ग्रेट गिग इन द स्काय' मधून टॉरीचा आवाज काढून टाका आणि ऐका. छान पियानो आहे. तेवढंच. २००४ ला तिने केस टाकली, २००५ ला कोर्टाबाहेर मिटलं, किती दिले घेतले ते बाहेर आलं नाही, पण तेव्हापासून क्रेडिटमध्ये राइटच्या जोडीला टॉरी आहे. बत्तीस वर्षं.

हे वाचताना मला आमच्या गुरुजींचा क्लास आठवला. लहानपणी तीन वर्षं शास्त्रीय शिकलो, पुढे सोडलं. ख्यालात बंदिश असते दोन ओळींची आणि बाकी पाऊण तास गवई जे करतो ते काय असतं? कायद्याला विचारलं तर रचना म्हणजे त्या दोन ओळी. गुरुजींना असलं विचारलं असतं तर पेटी बंद करून चहा मागवला असता. आपल्याकडे 'कुणी बांधलंय' आणि 'कुणी गायलंय' हे दोन्ही प्रश्न एकाच आदराने विचारायची सवय आहे, निदान मैफलीत तरी. पैशाच्या कागदावर मात्र आपणही इंग्रजांचेच वारस.

असो. सगळेच जिंकतात असंही नाही. ब्लूबेल्स नावाच्या बँडच्या 'यंग अॅट हार्ट' मध्ये बॉबी व्हॅलेंटिनोने व्हायोलिन वाजवलेलं, ७५ पाउंडांवर. गाणं १९८४ चं, १९९३ ला एका गाडीच्या जाहिरातीत लागलं आणि थेट एक नंबरवर गेलं, हा कोर्टात गेला, जिंकला. पण स्पँडाउ बॅले या बँडचे तिघे १९९९ ला हरले. त्यांचं सगळं संगीत गॅरी केम्पच्या नावावर, तो घरून गिटारवर गाणं पूर्ण करून आणायचा, बाकीचे स्टुडिओत रंग भरायचे. आधी तो गाण्यांच्या कमाईतला थोडा हिस्सा बाकीच्यांना द्यायचा, पुढे बंद केला, त्यावरून भांडण. गायक टोनी हॅडली, सॅक्सोफोनवाला स्टीव्ह नॉर्मन आणि ड्रमर जॉन कीबल. जज्ज म्हणाले तुम्ही केलं ते वाजवणं होतं, रचणं नव्हतं. म्हणजे व्हायोलिनवाल्याला मिळालं, सॅक्सोफोनवाल्याला नाही. निकालपत्रांमध्ये याचा तर्क व्यवस्थित मांडलेला असतो, पण शेवटी एक माणूस खुर्चीत बसून ऐकतो आणि त्याला काय ऐकू येतं त्यावर आहे सगळं. (तेच स्पँडाउ बॅले २००९ ला परत एकत्र आले आणि टूर केली. माणसं अजबच.)

आता माझी बाजू. कारण आत्तापर्यंत वाचून तुम्ही मला ब्रूकर ठरवलं असेल, आणि मी आहेच.

ती चाल मी चार महिने घेऊन हिंडत होतो. मेसच्या टेबलावर ठेका धरून, आंघोळीच्या रांगेत गुणगुणत. मुखडा तीनदा बदलला. ज्या दिवशी तो मित्र कॅसिओ घेऊन रूमवर आला, तो कॅसिओही त्याच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा, त्या दिवशी गाणं तयार होतं. त्याने एकदा ऐकलं, थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि तो पीस वाजवला. किती वेळ लागला असेल, वीस मिनिटं? मी चार महिने आणि तो वीस मिनिटं. माझी चाल नसती तर पीस कशावर बसला असता? ब्रूकरच्या मनात हेच असणार. तो निकालानंतर म्हणालाच की आता गीतकार संगीतकारांची खैर नाही, रेकॉर्डवर कुणीही काहीही वाजवलेला उठेल आणि वाटा मागेल. आणि ही भीती खोटी नाहीये. ढोलकीवाल्याच्या एका तुकड्यावर अख्खं गाणं उभं असतं, कोरसमधल्या एका मुलीने चुकून घेतलेली जागा पुढे गाण्याची ओळख होते. थांबायचं कुठे?

चार महिने आणि वीस मिनिटं हा हिशोब मी इतकी वर्षं मनात सांभाळलाय. फक्त साठ माणसं लॉनवर त्यातलं काय म्हणत होती ते त्या हिशोबात बसत नाही.

आणि मागे मागे जायला लागलं तर टोक सापडत नाही हेही खरं. द व्हर्व या बँडचं 'बिटर स्वीट सिम्फनी' घ्या, १९९७, म्हणजे आमच्या गॅदरिंगचंच वर्ष. त्यातले व्हायोलिन सगळ्या जगाला पाठ. ते घेतलेले रोलिंग स्टोन्सच्या 'द लास्ट टाइम' या गाण्याच्या एका वाद्यवृंदाच्या रेकॉर्डिंगवरून, स्टोन्सचा मॅनेजर अँड्र्यू ओल्डहॅम याच्या ऑर्केस्ट्राचं. परवानगीवरून वाद झाला आणि शेवट असा की शब्द लिहिणाऱ्या रिचर्ड अॅशक्रॉफ्टच्या हातातून गाण्याचे सगळे हक्क गेले, क्रेडिट जॅगर आणि रिचर्ड्सचं. बावीस वर्षांनी, मे २०१९ मध्ये, ते त्यांनी परत केले, पेपरात वगैरे कौतुक झालं. पण गंमत पुढेच आहे. ती व्हायोलिनची सुरावट स्टोन्सच्या मूळ गाण्यात तशी नाहीच, ती लिहिली डेव्हिड व्हिटेकर नावाच्या अरेंजरने. या सगळ्या मारामारीत त्याचं नाव क्रेडिटमध्ये कधीच आलं नाही, २०१२ ला तो गेलाही. आणि 'द लास्ट टाइम' तरी स्टोन्सचं कितपत? स्टेपल सिंगर्सनी पन्नाशीच्या दशकात गायलेल्या एका चर्चच्या गाण्यावर ते बेतलंय हे कीथ रिचर्ड्सनेच कबूल केलंय. म्हणजे चोराच्या घरी चोर नाही म्हणता येणार, एका गल्लीतली चूल दुसऱ्या घरातल्या निखाऱ्याने पेटते तसंच आहे ते, फक्त गॅसचं बिल एकालाच मिळतं. उपमा फसली जरा, कळलं असेल पण.

अरेंजर म्हटलं की गोवा आठवणं आलंच. मुंबईच्या हिंदी सिनेमात चाळीसपन्नासच्या दशकात ज्यांना नोटेशन लिहिता यायचं, साठ व्हायोलिनवाल्यांना कुणी काय वाजवायचं ते कागदावर मांडता यायचं, ती माणसं बरीचशी गोव्याची, पोर्तुगीजांच्या चर्चच्या शाळांमध्ये शिकलेली. अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. सेबॅस्टियन डिसोझा, शंकर जयकिशनच्या गाण्यांमागे कित्येक वर्षं. चिक चॉकलेट, म्हणजे आपले अण्णा, संगीतकार सी. रामचंद्र, 'अलबेला' करत होते तेव्हा त्यांच्या बाजूला उभा असलेला ट्रम्पेटवाला. अण्णांची चाल अण्णांचीच, त्याबद्दल दुमतच नाही. पण त्या गाण्यांमधला जो झिंग आणणारा ब्रास आहे, तो कानात राहतो की नाही? पडद्यावर या लोकांचं नाव आलंच तर 'सहाय्यक'. बऱ्याचदा तेही नाही. गोन्साल्विसना त्यांच्या शिष्याने, लक्ष्मीकांत प्यारेलालमधल्या प्यारेलालनी, गुरुदक्षिणा दिली ती १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या गाण्यातून. अख्खा देश त्यांचं नाव घेऊन नाचला आणि ९९ टक्के लोकांना वाटलं ते पात्राचं नाव आहे. याला क्रेडिट म्हणायचं का काय म्हणायचं मला कळत नाही.

२०१२ ला आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा बदलला, जावेद अख्तरांनी राज्यसभेत लावून धरलं, गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा हक्क झाला की तो करारात लिहूनही काढून घेता येत नाही. चांगलंच झालं. पण त्यातही दोनच खुर्च्या, गीतकार आणि संगीतकार. पीसवाला उभाच.

उलट्या बाजूचीही नाटकं आहेत. एल्व्हिसच्या 'डोन्ट बी क्रुएल'वर ओटिस ब्लॅकवेलच्या जोडीला एल्व्हिसचं नाव आहे, लिहिलं ब्लॅकवेलने, पण एल्व्हिसने गायला हवं असेल तर वाटा द्या ही त्यांच्या लोकांची रीत. डॉली पार्टनकडे तिच्या 'आय विल ऑलवेज लव्ह यू'साठी त्यांनी असाच अर्धा वाटा मागितला, तिने नाही म्हटलं, रात्रभर रडली म्हणते, आणि १९९२ ला व्हिटनी ह्यूस्टनने ते गायल्यावर त्या रडण्याचे भरपूर वसूल झाले. आता तर इतके घाबरलेत सगळे की २०१५ ला 'ब्लर्ड लाइन्स'वाले गाणं उचलल्याच्या केसमध्ये मार्विन गे या जुन्या गायकाच्या घरच्यांपुढे हरल्यावर 'अपटाउन फंक'वर मागाहून जुन्या गॅप बँडच्या एका गाण्याच्या पाच लेखकांची नावं चढवली. एका गाण्याला ११ लेखक. आमच्या सोसायटीच्या कमिटीत नऊ आहेत.

आणि सगळं नीट वाटून घेतलं तरी पहिलं नाव कुणाचं हे उरतंच. बीटल्सच्या पहिल्या अल्बमवर आधी मॅकार्टनी मग लेनन असं होतं, नंतर उलटं झालं ते कायमचं. पॉल मॅकार्टनीला ते इतकं खुपलं की २००२ च्या लाइव्ह अल्बमवर १९ गाण्यांना त्याने स्वतःचं नाव आधी टाकलं, आणि लेननची बायको योको ओनो चिडली. साठीचा अब्जाधीश माणूस! त्यापेक्षा आरईएम बँडवाले शहाणे, चौघांची नावं सगळ्या गाण्यांवर, आडनावांच्या अक्षरक्रमाने. बेरी, बक, मिल्स, स्टाइप. संपला विषय.

तर मी त्याला फोन लावला. रियुनियननंतर आठ दिवसांनी, दुपारी तीनला, तेव्हा दुकानात गर्दी नसते.

आधी इकडचं तिकडचं. मग म्हटलं, ते गाणं आहे ना आपलं, यूट्यूबवर त्याला तुझं नाव टाकायचंय. तो म्हणाला, "टाक की लका. त्यात विचारायचं काय." मग मी एक गोष्ट सांगितली जी वीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. २००४ ला सांगलीतल्या एका दुकानदाराने केबलवरच्या जाहिरातीसाठी ते गाणं माझ्याकडून घेतलं होतं, पाच हजार दिले होते. संगीतातली माझी आयुष्यातली एकमेव कमाई. आणि जाहिरात आठ सेकंदांची होती, त्यात माझी चाल यायच्या आधीच दुकानाचा पत्ता यायचा. वाजायचा तो फक्त पीस.

तो काहीच बोलला नाही. मागे कुणीतरी फिटिंगच्या पाइपाचा भाव विचारत होतं. मग म्हणाला, "माहिताय मला. बघितलेली मी ती जाहिरात. इथं दुकानात टीव्ही होता की तेव्हा."

"मग?"

"मग काय. गिऱ्हाईक हुतं समोर."

मी त्याला फिशरचं सगळं सांगितलं, ऑर्गन, अडतीस वर्षं, हाउस ऑफ लॉर्ड्स. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं चाळीस टक्के म्हणजे पाच हजारातले किती. दोन हजार, मी म्हणालो. "व्याज?" मागचं मिळत नाही, लॉर्ड्सनी नाही म्हटलंय. तो खूप हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "आणि लिहिणार काय? संयोजन का संगीत?"

हाच प्रश्न मला नको होता. मी फोन लावायच्या आधी 'संगीत संयोजन' असं टाइप करून ठेवलेलं, खोटं का बोला. म्हटलं, संगीत. दोघांचं. नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लावतो, म्हणजे तुझं पहिलं. बरं म्हणाला. आणि ब्लॉगवर माझं नाव टाकू नको, तिकडं टाक, इथं गिऱ्हाइकं वाचत्यात, म्हणून इथे नाव नाही.

शेवटी मी विचारलं, तो पीस तुला सुचला कसा रे, ते खिडकीतून बघत होतास ते काय होतं? तर म्हणे, "आरं, खिडकीतनं न्हाई, मी कॅसिओकडं बघत हुतो. वरच्या सप्तकातली नीची पट्टी बंद पडलेली त्याची. दाबली की नुसतं खट वाजायचं. मला वाटलं आता ही नी सोडून कुठनं जायचं वर. म्हणून ध वरनं थेट साला उडी मारली."

ती उडी. लॉनवर साठ जण जिथे आवाज चढवत होते ती जागा.

संध्याकाळी मी त्याला दोन हजार पाठवले, त्याने अंगठा पाठवला. रात्री साडेदहाला व्हॉइस मेसेज आला, चौदा सेकंदांचा. पेटी होती, भजनी मंडळातली असावी, भाता जुना वाटत होता. आधी पीस नेहमीसारखा वाजवला, मग थांबला, खोकला, आणि परत वाजवला, या वेळी नी घेऊन, ध नी सा, सरळ.

बरोबर होतं सगळं. पण काहीच वाटलं नाही.

खाली त्याने लिहिलेलं: बघ.